गेममध्ये भेटलेलं माणूस : तुमचे अनुभव

रानजाई
काल माळा आवरताना जुना फोन सापडला. चार्ज केला तर गॅलरीत पब्जीतल्या पोचिंकी गावाचा स्क्रीनशॉट, आम्ही दोघी छपरावर. ऑक्टोबर 2020. तिथेच बसून राहिले.

लॉकडाऊनमध्ये मी साताऱ्यात, ती नागपुरात. पब्जीत रँडम स्क्वाडला पडलो. मी गोळ्या लागून नॉक झाले, बाकीचे दोघं पळाले आणि ही स्मोक टाकून सरपटत आली. "थांब नं, येऊन राहिली मी." ते 'येऊन राहिली' अजून कानात आहे.

2 सप्टेंबरला बंदी आली, तरी ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा चालत होता. 30 ऑक्टोबरला सर्व्हरच बंद होणार म्हटल्यावर पोटात गोळा आला. नंबर मागितलाच नव्हता. मुलीनं मुलीचा नंबर मागण्यात काय एवढं? पण मी का मागत नव्हते ते मला माहीत होतं. 29 च्या रात्री मॅच लावलीच नाही, नुसत्या लॉबीत उभ्या. तिनंच आकडे सांगितले, मी गॅसच्या पावतीमागे लिहिले.

आता पुण्यात एकत्र राहतो. तुमचंही लिहा.

चिंचगूळ
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमचा लुडो. ती माझी सोंगटी कधी मारायचीच नाही. आजी शेजारी बसून बघायची, म्हणाली, "ही पोरगी जिंकायला खेळत नाहीये गं." घरात सगळ्यात आधी तिलाच कळलं. शिट्टी झाली, येते

सोनकी
पावती आहे का अजून??

रानजाई
हो, रेशनकार्डाच्या पिशवीत.

कोकणकडा
नागपूरची म्हणजे सावजी होत असेल घरी!

अबोली
आमचं नाही टिकलं. 2021 ला तिचं लग्न लावून दिलं. बीजीएमआयच्या (पब्जीची नंतर आलेली भारतीय आवृत्ती) फ्रेंडलिस्टमध्ये नाव आहे, कधीतरी ऑनलाइन दिसते. मी इन्व्हाइट पाठवत नाही. काढूनही टाकत नाही.

सोनकी
अबोली 🫂

जास्वंद
17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाचा सुप्रीम कोर्टातला निकाल विरोधात गेला, त्या रात्री आम्ही जेवलो नाही. पण 28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलंय, जोडीदारासोबत जॉइंट खातं काढायला आणि तिला नॉमिनी करायला आडकाठी नाही. रानजाई, पत्रक छापून बँकेत न्या. आम्ही तसंच केलं.

रानजाई
हे माहीत नव्हतं! सोमवारीच जातो. कोकणकडा, सावजी ती करते, मी कांदे भाजून देते.

कोकणकडा
मसाल्याचं प्रमाण टाका ना तिला विचारून