शाळेत फ्लूची लस: टोचायची पोरांना आणि फायदा आजीला?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. पोरगा चौथीला आहे, शाळेत फ्लूच्या लसीचा कॅम्प ठेवताय नोव्हेंबरमध्ये, पैसे पालकांनीच भरायचे, १८०० रुपये. मीटिंगला एक डॉक्टर आले होते ते म्हणे पोरांना टोचलं तर घरातले म्हातारे पण वाचतात. आता पोरं चार दिवस तापतात न पाचव्या दिवशी क्रिकेटला हजर, खरी भीती आमच्या आईची, तिला दमा आहे. मग सरळ तिलाच का नाही द्यायची? यात खरं काही आहे का नुसता लस खपवायचा धंदा?

तापीकाठ_पीएसएम
दादा, धंदा असेलही पण डॉक्टरांनी सांगितलं ते हवेतलं नाही. जपानने १९६२ पासून शाळेतल्या पोरांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली, १९७७ ला सक्तीची केली, १९८७ ला सक्ती काढली न १९९४ ला कार्यक्रमच बंद. २००१ साली आकडे तपासले तर कार्यक्रम जोरात होता तेव्हा वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते असा हिशोब निघाला, बहुतेक म्हातारी माणसं, न बंद केल्यावर मृत्यू परत वाढले. कारण असं की पोरं व्हायरस जास्त दिवस सोडतात, एका बाकावर तिघं बसतात, न तेच पोरगं संध्याकाळी आजीच्या मांडीवर. म्हाताऱ्यांना लस तेवढी लागू पडत नाही, पोरांना बरी पडते. आणि गोवराचा एक पेशंट १२-१८ जणांना देतो तसं फ्लूचं नाही, सरासरी सव्वा-दीडच, म्हणून साखळी लवकर तुटते.

धुळ्याचा_भो
जपानचं कौतुक पुरे भो. त्या काळात तिथं औषधं सुधारली, राहणीमान सुधारलं, सगळं श्रेय लसीलाच का? तिथल्याच माएबाशी शहराने शाळेतली लस बंद केली होती, तिथल्या डॉक्टरांनी शेजारच्या शहरांशी तुलना करून सांगितलं की साथीत काही फरक नाही.

तापीकाठ_पीएसएम
बरोबर आहे, नुसत्या आकड्यांवर पैज लावू नये. म्हणून कॅनडातला प्रयोग बघा. हटराइट नावाचे लोक आहेत, वेगळ्या वस्त्या करून राहतात, सामूहिक शेती. २००८-०९ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काही वस्त्यांत ३ ते १५ वर्षांच्या पोरांना फ्लूची लस दिली, बाकीच्यांत तुलनेपुरती कावीळ-अ ची. फ्लूची लस होती तिथं ज्यांनी टोचलंच नव्हतं त्यांच्यातही फ्लू ६१ टक्क्यांनी कमी. फक्त एक, ८० टक्क्यांच्या वर पोरांनी लस घेतली होती.

झेडपी_मास्तरीण
हेच तर म्हणते मी! तुमच्या शाळेत १८०० भरणारे किती निघतील हो भाऊ, चाळीस? बाकीची पोरं, अंगणवाडी, झेडपीची शाळा सगळी मोकळी. मग आजीला आडून मिळणारं संरक्षण जवळपास शून्य, तुमच्या पोराला तेवढं मिळेल, तेही एका सीझनपुरतं कारण ही लस दरवर्षी घ्यावी लागते. गावभर फायदा पाहिजे तर सरकारने फुकट न सगळ्यांना द्यायला पाहिजे, इंग्लंडने २०१३ पासून नाकातल्या स्प्रेवर तेच सुरू केलं. आपल्याकडच्या पोरांच्या सरकारी लसीकरणात फ्लू नाहीच. एकालाच परवडत असेल तर आधी आईला द्या, दमा आहे म्हणता ना, कमी लागू पडते म्हणजे अजिबात नाही असं नाही.

आणि नोव्हेंबर कोणी ठरवला? आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर. नेमकं श्रावणात कानबाईचे रोट, सगळी भाऊबंदकी एका घरात. लसीला काम करायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा मे-जूनमध्येच घ्यायला पाहिजे. जानेवारी-मार्चला छोटी लाट असते हे खरं, त्यापुरता नोव्हेंबर चालेल.

केळीवाला_रावेर
धन्यवाद ताई. आईला या आठवड्यातच नेतो, पुढचा डोस मग मे-जूनला धरू का? पोराचं शाळा उघडायच्या टायमाला बघू, तवर मीटिंगमध्ये विचारतोच की नोव्हेंबर कशाला.

झेडपी_मास्तरीण
हो चालेल, पण मे-जूनला नव्या वर्षाची लस आली का ते आधी विचारा, मेडिकलवाला जुना माल देतो कधी कधी.