शब्दचर्चा : ‘फ्रेंडली स्मॉल टाउन’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

लडलो, श्रॉपशर येथून :

इंग्लंडच्या पश्चिम कडेला, वेल्सच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर, श्रॉपशरमध्ये लडलो नावाचे गाव आहे आणि गेली आठ वर्षे मी तेथे राहते. साताऱ्याच्या माझ्या मावशीने हे नाव फोनवर पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिने सरळ “कुणाशी?” असे विचारले. तिचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता, कारण येथील किल्ला अकराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या सरहद्दीवर वचक ठेवण्यासाठीच बांधला गेला होता. आता मात्र त्या किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे चार दिवस बाजार भरतो, आणि लढाईचा प्रसंग आलाच तर तो गाडी लावण्याच्या जागेवरून येतो.

या गावाविषयी एक लेख लिहीत असताना मी पहिल्याच वाक्यात अडले. येथील कोणालाही गावाबद्दल विचारले तर तो ‘फ्रेंडली लिटल टाउन’ एवढे तीनच शब्द बोलतो, आणि ते तीन शब्द मला मराठीत आणता येत नाहीत. ‘मैत्रीपूर्ण छोटे शहर’ असे लिहिले तर मैत्रीपूर्ण क्रिकेट सामन्याची आठवण होते. ‘मनमिळाऊ’ हा शब्द एखाद्या सुनेचे किंवा सहकाऱ्याचे वर्णन करायला चांगला आहे, पण तो दहा हजार वस्तीच्या गावाला लावला की गावच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा चढवल्यासारखे दिसते. ‘माणसाळलेले’ असे एका मित्राने सुचवले होते; ते त्याने गंभीरपणे सुचवले नसावे अशी माझी आशा आहे.

खरी अडचण अशी की, येथील स्नेहाची जात आपल्यापेक्षा निराळी आहे. बसमधून उतरताना शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येक जण चालकाला ‘थँक यू’ म्हणून उतरतो. नदीकाठी कुत्रे फिरवणारा अनोळखी मनुष्य हवेबद्दल एक वाक्य बोलल्यावाचून पुढे जात नाही. भाजीवाली बाई मला ‘लव्ह’ म्हणते आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही ‘लव्ह’च म्हणते. परंतु याच गावात एका कुटुंबाच्या दाराआत पाऊल ठेवायला मला तीन वर्षे लागली, आणि तेही आठ दिवस आधी वेळ ठरवून. आपल्याकडच्या ‘घरोबा’, ‘जाणेयेणे’, ‘पाहुणचार’, ‘अगत्य’ या सर्व शब्दांची मुळे उंबऱ्याच्या आत आहेत. येथील जिव्हाळा उंबऱ्याच्या बाहेर, फुटपाथवर आणि बाजारात नांदतो. अशा गावाला कोणते विशेषण लावावे?

शिवाय ‘टाउन’चे काय करावे, हाही प्रश्न आहेच. ‘शहर’ म्हटले तर फार मोठे होते आणि ‘खेडे’ म्हटले तर येथील मंडळी रागावतील.

पुणे येथून :

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आपल्या दप्तरांत आयते आहे. जुन्या मराठी कागदांत ‘मौजे’ अमुक आणि ‘कसबे’ तमुक असा भेद कटाक्षाने केलेला असतो. मौजे म्हणजे शेतीवाडीचे साधे गाव. कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण, जेथे बाजार, कारागीर आणि सरकारी कचेरी असे. ‘कसबे पुणे’ हे त्याच अर्थाने लिहिलेले असे आणि आज पुण्यात कसबा पेठ म्हणून तोच शब्द जिवंत आहे. लडलो हे माझ्या मते सरळसरळ कसबे लडलो आहे.

इंग्लंडमधील ‘मार्केट टाउन’ ही कल्पना आपल्या ‘पेठ वसवणे’ या प्रकाराशी जितकी जुळते तितकी ती ‘शहरा’शी जुळत नाही. तिकडे बाजार भरवणे हा ज्याला वाटेल त्याने करण्याचा उद्योग नव्हता. तो हक्क राजाकडून मिळत असे. तेराव्या शतकातील ब्रॅक्टनच्या कायदेग्रंथात तर असा दंडक आहे की, जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत (हिशेब सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचा आहे) नवा बाजार निघाला तर तो जुन्याला उपद्रव समजावा. माणसाने सकाळी चालत जावे, खरेदी-विक्री करावी आणि दिवस मावळण्याआधी घरी परतावे, असा त्यामागचा हिशेब होता. आपल्याकडेही नवी पेठ वसवायची तर कौल द्यावा लागे, काही वर्षे करात सूट मिळे आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असे. तेव्हा ‘मार्केट टाउन’ला ‘पेठेचे गाव’ म्हणायला मला काहीच हरकत दिसत नाही.

‘शहर’ तर नकोच. इंग्लंडमध्ये ‘सिटी’ हा दर्जा लोकसंख्येवर ठरत नाही. सॉमरसेटमधील वेल्स (Wells; शेजारचा वेल्स देश नव्हे) हे बारा हजारांच्या आसपास वस्तीचे ठिकाण कॅथीड्रलच्या जोरावर सिटी म्हणवते, आणि त्याच्या कितीतरी पट मोठी ठिकाणे अजून टाउनच आहेत.

सातारा येथून :

‘कसबा’ हा शब्द बरोबर आहे, पण आज तो वाचकाला पेठेची, फार तर मतदारसंघाची आठवण करून देईल. साध्या वाचकासाठी ‘गाव’च ठेवावे. मराठीत मुंबईलासुद्धा ‘गाव’ म्हणता येते. “आमचे गाव मुंबई” हे वाक्य कोणाला खटकत नाही.

नाशिक येथून :

गावाच्या नावाचाच विचार झाला नाही, म्हणून थोडे लिहिते. ‘टाउन’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा असा होता, आणि जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘त्साउन’ आजही कुंपण याच अर्थाने वापरला जातो. आपली ‘वाडी’ आणि आपला ‘वाडा’ हे संस्कृत ‘वाट’ म्हणजे आवार, कुंपण यावरून आलेले आहेत. कोकणात नारळी-पोफळीची ‘वाडी’ म्हणतात तेव्हा तो मूळ अर्थ जसाच्या तसा दिसतो. म्हणजे अर्थाच्या वाटेने पाहिले तर ‘टाउन’ आणि ‘वाडी’ एकाच ठिकाणी पोहोचतात, फक्त एक वाढत गेले आणि दुसरी लहानच राहिली.

‘लडलो’ हे तर त्याहून मजेदार आहे. त्यातील ‘लड’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील ‘ह्लूड’, आजचा ‘लाउड’, आणि ‘लो’ म्हणजे टेकाड किंवा थडग्यावरचा उंचवटा. खळाळत्या पाण्याकाठचे टेकाड, असा एकूण अर्थ लावला जातो. हा ‘लाउड’ आणि आपला संस्कृत ‘श्रुत’ हे एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. जे ऐकू आले ते श्रुत, आणि जे फार ऐकू आले ते लाउड. प्रश्नकर्तीने तेथील नदीचा आवाज खरोखरच येतो का ते सांगावे.

लडलो, श्रॉपशर येथून :

येतो, आणि चांगला मोठ्याने येतो. टीम नदीवर डिनमच्या पुलाजवळ आडवा बांध आहे; पाऊस झाला की तेथे उभे राहून शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. टेकाड मात्र राहिले नाही. सेंट लॉरेन्सचे चर्च वाढवताना 1199 साली ते खणून काढले गेले, म्हणजे नावातील अर्धी वस्तू आठशे वर्षांपूर्वीच गेली आणि अर्धी अजून रात्री झोपू देत नाही.

‘गाव’ हा शब्द मला पटला. आता विशेषणाचे पाहावे.

डार्बीशरमधून :

मी गेली अकरा वर्षे इकडच्या एका लहान गावात राहते. तुम्हांला ‘लव्ह’ म्हणतात, तर आमच्याकडे ‘डक’ म्हणतात. पोस्टातल्या बाईने पहिल्यांदा मला बदक म्हटले तेव्हा मी मागे वळून पाहिले होते. मराठी माणूस अनोळखी व्यक्तीला जवळ करायचे असेल तर तिला नात्यात बसवतो, ती ताई होते, मावशी होते, काका होते. येथे नाते लावत नाहीत, लाडाचे नाव देतात. नात्याच्या शब्दामागून कर्तव्य येते, आणि लाडाच्या नावामागून काही येत नाही. ते दुकानाच्या दारापर्यंतच सोबत करते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण कर्तव्य नसलेल्या सोबतीचाही आपला एक आराम असतो.

विशेषणासाठी मी ‘बोलके गाव’ असे सुचवीन. ‘ऑलराइट?’ हा येथील नमस्कार प्रश्नाच्या रूपात असला तरी तो प्रश्न नाही. त्याचे उत्तर म्हणूनही पुन्हा ‘ऑलराइट?’ असेच म्हणतात. आपल्याकडे दुपारी भेटलेला मनुष्य “काय, झाले का जेवण?” असे विचारतो तेव्हा त्याला आपल्या जेवणात रस असतोच असे नाही; त्याने एवढेच सांगितलेले असते की, मी तुम्हांला पाहिले.

सातारा येथून :

‘बोलके’ म्हटले की डोळे आठवतात किंवा बडबड आठवते, आणि प्रश्नकर्तीच्या वर्णनावरून ही माणसे चार शब्दांपलीकडे जात नाहीत. मराठीत ओळखीच्या पायऱ्या फार बारकाईने कोरलेल्या आहेत : तोंडओळख, रामराम, बोलणेचालणे, जाणेयेणे, घसट, घरोबा. लडलोकर ‘बोलणेचालणे’ या पायरीवर सर्वांचे स्वागत करतात आणि ‘जाणेयेणे’ या पायरीवर दार लावून घेतात, असे दिसते. म्हणून ‘बोलण्याचालण्याचे गाव’ म्हणावे. फक्त लिहिताना सांभाळावे, कारण घाईत ‘बोलाचालीचे गाव’ असे छापले गेले तर अर्थ नेमका उलटा होईल. बोलणेचालणे असते तेथे सलोखा असतो आणि बोलाचाली होते तेथे पंचायत बसते.

पुणे येथून :

‘शेजारधर्म’ हा शब्द कोणीच कसा काढला नाही? त्यात उंबऱ्याच्या आत जाण्याची अट नाही. इंग्रजी ‘नेबर’ म्हणजे मुळात ‘जवळ राहणारा शेतकरी’. आपण त्या जवळ राहण्याला धर्म जोडला, एवढाच फरक आहे.

लडलो, श्रॉपशर येथून :

शेजारधर्माचा उल्लेख झाला म्हणून एक प्रसंग सांगते. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक बाई राहतात. कचऱ्याची गाडी येऊन गेली की माझा रिकामा डबा त्या आपल्या डब्याबरोबर ओढून आत ठेवतात; त्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी एकदा आभार मानले तेव्हा त्यांनी विषय पावसावर नेला. पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये एके सकाळी दार उघडले तर पायरीवर आइस्क्रीमचा जुना प्लॅस्टिकचा डबा होता आणि त्यात काळसर जांभळी, वर पांढुरकी राख बसल्यासारखी दिसणारी डॅमसनची फळे होती. आपल्या जांभळांएवढीच, पण कच्ची खाल्ली तर जीभ आवळून टाकणारी. श्रॉपशर प्रून या नावाची डॅमसनची एक जात याच भागातील आहे. घंटा वाजवली नव्हती, चिठ्ठी नव्हती. कोणाचा डबा हे मला चौकशी करून शोधावे लागले.

आमच्या घरी रिकामा डबा परत देण्याची रीत नाही, म्हणून दिवाळीत मी त्यात शंकरपाळे भरून दिले. त्यानंतर तो डबा आठ वर्षे इकडून तिकडे जातो आहे आणि त्यावरचे आइस्क्रीमचे चित्र पुसले गेले आहे. त्या फळांना मी मनात ‘भेट’ म्हणत होते, पण तो शब्द बसत नव्हता, कारण भेट देताना माणूस समोर असतो. साताऱ्याच्या मावशीला फोनवर सांगितले तेव्हा ती लगेच म्हणाली, “अगं, वानवळा तो.” शेतात किंवा परसात पिकलेले थोडेसे शेजारी-सोयऱ्यांकडे पाठवणे, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, पण परतफेड होणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असताना, असा आख्खा व्यवहार त्या एका शब्दात आहे. इंग्रजीत मला त्याला एकही शब्द सापडला नाही, आणि व्यवहार मात्र येथे गल्लोगल्ली आहे; सफरचंदांच्या हंगामात तर लोक टोपल्या भरून फाटकाबाहेर ठेवतात आणि ‘घेऊन जा’ अशी पाटी लावतात.

नाशिक येथून :

मग विशेषण शोधूच नये. वानवळा सांगितला की गाव कसे आहे ते वाचकाला कळेल.

पुणे येथून :

याच ओघात आणखी एक शब्द सुचवतो, तो जरा कडू आहे. मराठेशाहीतील गावात ‘मिरासदार’ आणि ‘उपरी’ असे दोन प्रकारचे शेतकरी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावकीत त्याचा मान ठरलेला. उपरी बाहेरून येऊन कसणारा, चार पिढ्या राहिला तरी उपरीच. तुमच्या गावात अशी विभागणी आहे का?

लडलो, श्रॉपशर येथून :

आहे, आणि त्याला येथे ‘इन्कमर’ म्हणतात. त्याचा उच्चार हसतमुखाने होतो, पण होतो. ज्या शेजारीणबाईंबद्दल मी लिहिले त्या बर्मिंगहॅमहून येथे आल्या, त्याला चाळीस वर्षे झाली आणि त्या स्वतःला अजून इन्कमर म्हणवतात. मी आठ वर्षांची उपरी आहे, माझा वर्ण निराळा आहे, आणि तरीही गावाच्या लेखी आम्ही दोघी एकाच रकान्यात आहोत, हे मला अगदी अलीकडे लक्षात आले. त्यांनी डबा माझ्याच पायरीवर का ठेवला असावा, याचे उत्तर कदाचित त्यातही असेल. तेव्हा शेजारधर्म पाळणारे गाव आणि उपरीला उपरी म्हणणारे गाव हे एकच आहे, असे लेखात लिहावे लागेल.

‘गाव’, ‘बोलणेचालणे’, ‘वानवळा’ आणि ‘उपरी’ हे चारही शब्द मी घेते. ‘कसबे लडलो’ हे शीर्षकाला वापरते, म्हणजे मावशी निदान कुणाशी असे विचारणार नाही.