गरम झाल्यावर बाईकचा न्यूट्रल लागत नाही

कात्रजकर: १५० सीसी बाईक आहे, सकाळी मस्त चालते पण संध्याकाळी स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून घरी जाताना इंजिन तापलं की न्यूट्रल सापडतच नाही, क्लच पूर्ण दाबला तरी गाडी हळूहळू पुढे सरकते. गिअरबॉक्स गेला का? खूप टेन्शन आलंय.

औंधवाला: इंजिन बंद करून न्यूट्रल टाकून बघा, लगेच पडला तर गिअरबॉक्स बहुतेक ठीक आहे, क्लच नीट सुटत नाहीये. केबलचा प्ले (लिव्हर दाबताना केबल ताणली जाईपर्यंतची मोकळी हालचाल) बघा, लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी हवा. जास्त असेल तर अ‍ॅडजस्टरने कमी करा, पण अगदी शून्य करू नका हं, क्लच स्लिप होऊन प्लेट्स जळतात. केबलचे धागे तुटायला लागले असतील तर सरळ बदला.

कात्रजकर: बंद केल्यावर लगेच पडला! प्ले खूपच जास्त होता.

सिंहगडरोड: ऑइल कधी बदललं? कारचं टाकू नका, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचं मानक) लिहिलेलंच घ्या, बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो.

हडपसरकर: माझ्या कारला फक्त रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं, तेही क्लचच का?

औंधवाला: बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर टाकताना त्यांचा वेग जुळवणारा भाग) नसतो, गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबून २-३ सेकंद थांबा मग टाका. तरीही झालं तर क्लच दाखवा.