कार्ल्याच्या चैत्यातल्या लाकडी कमानी: नुसती नक्कल?

कातळखोर: परवा एकवीरेच्या पायऱ्या चढून पुन्हा कार्ल्याला गेलो. चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, शिरलं की मान आपोआप वर जाते. डोंगर कोरून काढलेलं छत आणि त्याला फासळ्यांसारख्या बसवलेल्या लाकडी कमानी. सुमारे २००० वर्षं टिकल्या, कौतुक आहेच. पण त्या तोलून काय धरतात? काही नाही! छत अखंड कातळाचं, कमानी काढल्या तरी खडाही पडायचा नाही. माझ्या मते ही सवयीची गुलामी. लाकडी इमारतींत हात बसलेल्यांना दगडाचं स्वतःचं रूप दिसलंच नाही.

सुताराची लेक: गुलामी कसली? जवळच भाज्याची लेणी आहेत, तिथल्या चैत्याचे खांब बघा. आत कललेले आहेत, कारण लाकडी बांधकामात छपराचा रेटा सोसायला खांब तसे उभे करत. त्यानंतरच्या कार्ल्यात खांब सरळ झाले. म्हणजे नको ते सोडायची अक्कल होती. बुडाशी घट, वर घंटेच्या आकाराचं शीर्ष, त्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. ही नक्कल वाटते तुम्हाला? कमानी ठेवल्या त्या ठरवून.

कातळखोर: मग स्तूपामागचे सात खांब साधे अष्टकोनी का? तिथे प्रतिभा दमली वाटतं.

सुताराची लेक: तिथवर उजेड किती पोचतो ते आठवा. दर्शनी कमानीतून येणारा प्रकाश पडतो स्तूपावर आणि त्याच्या लाकडी छत्रावर. मागचं नक्षीकाम बघणार कोण?

मावळतीचा: अजिंठ्याची १९ आणि २६ नंबरची लेणी पाचव्या शतकातली. तिथे याच फासळ्या दगडात कोरल्यात. उपयोग तिथेही शून्य.

कातळखोर: माझंच म्हणणं झालं की हे!

मावळतीचा: उलट आहे. लाकूड गेलं तरी फासळ्या राहिल्या, कारण त्यांच्याशिवाय लोकांना तो चैत्य वाटलाच नसता. घरातल्या देव्हाऱ्याला कळस असतो, तो काय पाऊस अडवायला? आणि खर्च करणाऱ्यांचंही बघा. वैजयंती नगरातल्या भूतपाल शेठीनं कार्ल्याच्या शिलालेखात हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम असल्याचं कोरून घेतलंय. असा माणूस अर्धवट काम खपवून घेईल?

कातळखोर: शेठजी स्वतःच्या कामाला उत्तमच म्हणणार, तो काय पुरावा झाला? देव्हाऱ्याचं मात्र पटण्यासारखं आहे. भाज्याचे खांब कललेले आहेत हे कधी लक्षातच आलं नव्हतं. रविवारी जातो, ओळंबा घेऊन.

सुताराची लेक: ओळंबा कशाला, नुसत्या डोळ्यांना दिसतं.