वर्कशॉप सांभाळताना व्यवस्थापनाची मूलतत्त्वे कोठून शिकावीत?

शिरोली_वर्कशॉप यांचा प्रश्न

नमस्कार. मी मेकॅनिकल शाखेचा पदविकाधारक असून कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत वडिलांनी उभारलेले छोटे वर्कशॉप आता मी पाहतो. आमच्याकडे दोन व्हीएमसी (संगणक-नियंत्रित उभी मिलिंग मशीन) आणि एक सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशीनिंग हे मुख्य काम असून काही सुटे भाग आम्ही स्वतः कच्चा माल घेऊनही बनवितो. काम भरपूर आहे, मशीन दोन पाळ्यांत चालतात, वर्षअखेरीस सीए नफाही दाखवितात, आणि तरीही दर महिन्याच्या पगाराच्या आठवड्यात कॅश क्रेडिट खात्याची (बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेल्या कर्जाची) मर्यादा संपलेली असते. दर ठरविताना आजूबाजूची वर्कशॉप्स काय घेतात हे पाहूनच आम्ही कोटेशन देतो.

हे नीट समजून घेण्यासाठी मी व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यावे असे मला वाटते. दोन वर्षे एमबीए करण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. सुरुवात कोणत्या विषयापासून करावी आणि ती कोठे करावी, याबाबत अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

परिव्यय_लेखापाल यांचे उत्तर

आपण विपणन, नेतृत्व, धोरण हे विषय सध्या बाजूला ठेवावेत आणि परिव्यय लेखांकनापासून, म्हणजे प्रत्येक कामाचा खरा खर्च काढण्याच्या हिशेबापासून, सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारी काय दर घेतो हे पाहून कोटेशन देणारा उद्योजक शेजाऱ्याचा हिशेब बरोबर आहे असे गृहीत धरतो, आणि बहुतेक वेळा शेजाऱ्यानेही तो केलेला नसतो.

एक नमुना मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, ते आपल्या वहीतून बदलून घ्यावेत. समजा व्हीएमसीची किंमत ₹24 लाख असून ती 8 वर्षे चालेल असे धरले. घसारा (वापरामुळे मशीनची घटणारी किंमत) वर्षाला ₹3 लाख, व्याज ₹1.2 लाख, दोन पाळ्यांतील दोन ऑपरेटरांचा पगार ₹4.8 लाख, जागा व देखरेखीचा वाटा ₹2.1 लाख, देखभाल व विमा ₹1.5 लाख, म्हणजे एकूण स्थिर खर्च ₹12.6 लाख होतो. वीज, कूलंट आणि टूल यांचा बदलता खर्च तासाला ₹75 धरू. वर्षातील 300 दिवस, रोज 16 तास, म्हणजे 4,800 तास होतात, आणि बहुतेक जण या आकड्याने भागाकार करतात. त्यातून तासाचा खर्च ₹337.50 येतो व ₹400 दराने काम घेतले की ₹62.50 नफा झाला असे वाटते.

परंतु सेटिंग, टूल बदलणे, कास्टिंगची वाट पाहणे, वीज जाणे आणि रिजेक्शन यांत वेळ जातो. प्रत्यक्ष कापणीचे तास 70 टक्के धरले, तर ते 3,360 उरतात आणि तासाचा खर्च ₹450 होतो. म्हणजे त्याच ₹400 दराने तासाला ₹50 आणि वर्षाला ₹1,68,000 इतका तोटा होतो, आणि तोही मशीन दोन पाळ्या चालू असताना. म्हणून पुढील महिनाभर प्रत्येक मशीनपाशी एक वही ठेवावी आणि मशीन का थांबले व किती वेळ थांबले, एवढेच त्यात लिहून घ्यावे. त्या वहीतून आपल्याला आपला खरा टक्का कळेल. पुस्तकातील कोणताही टक्का तिची जागा घेऊ शकत नाही.

फाउंड्री_इचलकरंजी यांचे उत्तर

वरील मांडणी योग्य आहे, परंतु तिला एक पुस्ती जोडणे मला आवश्यक वाटते, कारण ती वाचून कोणी ₹450 खालचे प्रत्येक काम नाकारू लागेल, तर त्याचे नुकसानच होईल. मशीन रिकामे उभे असले तरी घसारा, व्याज आणि ऑपरेटरचा पगार थांबत नाही. अशा रिकाम्या तासांत ₹300 दराचे काम मिळाले, तर बदलता खर्च वजा जाता ₹225 स्थिर खर्च भरून काढण्यासाठी हाती येतात. ना-नफा-ना-तोटा बिंदू, म्हणजे सर्व खर्च जेमतेम भरून निघेल इतके काम, काढण्याचा उपयोग येथेच होतो: ₹400 दराने ₹12.6 लाखांचा स्थिर खर्च भरून निघण्यासाठी सुमारे 3,877 तास लागतात, आणि तेवढे तास वरील उदाहरणात उपलब्धच नाहीत. दर ₹500 मिळाला तर हेच काम सुमारे 2,965 तासांत होते.

मात्र कमी दराचे काम घेताना मशीन खरोखर रिकामे आहे का, हे त्या वहीतच पाहावे. तसेच नेहमीच्या ग्राहकाला असा दर कधीही देऊ नये, कारण पुढच्या ऑर्डरच्या वेळी तोच दर हक्काचा ठरतो.

खेळते_भांडवल यांचे उत्तर

पगाराच्या आठवड्यातील तंगी केवळ दरामुळे आलेली नसावी. विक्रीचे बिल झाले की नफा हिशेबात येतो. पैसा मात्र ग्राहक देईल तेव्हा येतो. जे भाग आपण स्वतःच्या मालातून बनविता त्यांचे चक्र मोजावे. कच्चा माल 20 दिवस पडून, उत्पादनाला 10 दिवस आणि ग्राहकाकडून येणे 90 दिवसांनी, असे 120 दिवस धरले आणि माल पुरविणाऱ्याने 30 दिवसांची उधारी दिली असेल, तर उरलेले 90 दिवस आपला पैसा अडकलेला असतो. या कामाचा महिन्याचा खर्च ₹5 लाख असेल, तर सुमारे ₹15 लाख सतत बाहेर राहतात, आणि काम जितके वाढेल तितकी ही रक्कमही वाढते. काम भरपूर असूनही खाते रिकामे का, याचे उत्तर बहुधा येथे सापडेल.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांची शासकीय नोंदणी) केलेली नसल्यास ती आधी करावी. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटून गेलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून वजावट मिळत नाही. मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करणे अवघड असते, हे मान्य आहे. तरीही बिलावर उद्यम क्रमांक आणि देय दिनांक छापण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि ग्राहकाचा लेखाविभाग आयकराच्या तरतुदीकडे दुर्लक्ष करू शकत नाही.

शिक्षक_सांगली यांचे उत्तर

आपण विचारलेल्या शिक्षणाबद्दल थोडेसे. शासनाच्या स्वयम या व्यासपीठावर परिव्यय लेखांकन, वित्तीय व्यवस्थापन आणि उत्पादन व्यवस्थापन यांचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात. शुल्क केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी असते. मराठीतून शिकायचे असल्यास नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम पाहावेत. क्रम मात्र वरील सभासदांनी सुचविलेलाच ठेवावा: परिव्यय, मग खेळते भांडवल (रोजच्या व्यवहारात अडकणारा पैसा), त्यानंतर उत्पादनाचे नियोजन.

व्यवस्थापन हा विषय वाणिज्य शाखेचा आहे, असा संकोच मनात ठेवू नये. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण अशी व्यवस्थापनाची विभागणी 1916 मध्ये मांडणारे आंरी फायोल हे फ्रान्समधील खाण अभियंता होते, आणि एका मोठ्या खाण कंपनीचे संचालन करताना त्यांनी हे विचार बांधले. आपल्याच भागातील लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर उत्तम बनविला होता, तरी लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे सुरुवातीला तो विकला जाईना. चांगला माल बनविणे आणि तो ग्राहकाच्या गळी उतरविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसण्याआधीच त्यांना शिकावे लागले. विपणनाचा अभ्यास आपण पहिल्या वर्षाच्या अखेरीस हाती घ्यावा. तोपर्यंत मशीनपाशी ठेवलेल्या वहीमुळे कोणत्या ग्राहकाचे काम टिकवायचे आणि कोणाचे सोडायचे, याचे आकडे आपल्या हातात असतील.