आईला सिकल एएस आणि किडनी पण खराब, एचबी ७.४, लोह द्यायचं का नाही?

वरोऱ्याची लेक
नमस्कार, घाबरूनच लिहितेय. आई ५८ वर्षांची, बीपी खूप जुना, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) ३.६, डॉक्टर म्हणाले किडनीचा आजार बराच पुढे गेलाय. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ७.४. न्हाणीतून खाटेपर्यंत येताना दोनदा भिंतीला हात टेकून उभी राहते, नखं पार पांढरी झालीत. गावात मागे सिकलची, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या आजाराची, तपासणी झाली तेव्हा एएस पॅटर्न आला होता, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सिकल आलेला, म्हणून सगळे नातेवाईक म्हणतात रक्त सिकलमुळेच कमी आहे आणि सिकलवाल्याला लोह द्यायचंच नसतं. किडनीच्या डॉक्टरांनी मात्र आयर्न आणि एक इंजेक्शन लिहून दिलंय. मागच्या महिन्यात दोन बाटल्या रक्तही चढवलं. आयर्नच्या गोळ्या तशाच पडून आहेत, काय करू?

लॅबवाला दादा
ताई, सिकलची तपासणी रक्त चढवायच्या आधीची ना? एसएस म्हणजे दोन्हीकडून सिकल आलेल्या पेशंटला नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याचं चांगलं हिमोग्लोबिनही रिपोर्टात दिसतं आणि एएस आहे असं वाटतं. आणि नुसती सोल्युबिलिटी केली असेल, म्हणजे नळीतलं पाणी गढूळ होतं ती, तर त्यात एएस का एसएस ते कळतच नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीच लागते. खरंच एएस असेल तर एकट्या एएसनं एचबी सातवर येत नाही हो.

किडनी विभागातला डॉक्टर
दादा बरोबर बोलले. रक्त बनवायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं, किडनी खराब झाली की ते कमी पडतं, तुमचं ते इंजेक्शन बहुतेक त्याचंच असेल. पण शरीरात लोह नसेल तर इंजेक्शन वाया जातं, म्हणून फेरीटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरायला किती लोह आहे) या तपासण्या करून घ्या. लोह नको हे मुख्यतः वारंवार रक्त चढवलेल्या एसएस पेशंटसाठी, कारण त्यांच्या अंगात लोह साठतं. एएसवाल्याला कमतरता असेल तर द्यायलाच हवं.
तरी एएसला अगदीच निरुपद्रवी समजू नका. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त, तिथे एएसवाल्यांच्याही पेशी वाकड्या होतात. लघवीतून रक्त आलं तर थांबू नका, सोनोग्राफी करा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या २०१४ च्या अभ्यासात एएस असलेल्यांत किडनीचा आजार जास्त आढळला होता. इंजेक्शन चालू झालं की बीपी मोजत राहा, एचबी ११.५ च्या वर न्यायचं नसतं. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून देऊ नका, हात जोडून सांगतो.

डायलिसिसवाली काकू
पोरी, आमच्या ह्यायलेबी एएसच हाय, डायलिसिसवर तीन वर्स झाले. इंजेक्शनचा डोस बाकीच्यायपेक्षा जास्त लागते, डॉक्टर म्हणे सिकलवाल्यायले असं होऊ शकते. वाढवलं तवा एचबी साडेदहावर आलं, आता चौकापर्यंत चालत जातेत. रक्ताच्या बाटल्या मात्र उगाच चढवू नको, पुढं किडनी बसवाची म्हणलं तर जुळवाले त्रास होते.

वरोऱ्याची लेक
ट्रंकेतून कागद सापडला, इलेक्ट्रोफोरेसिसच होतं, रक्त चढवायच्या कितीतरी आधीचं. एएसच आहे. काल फेरीटिन ६२ आलं, सॅच्युरेशन ११ टक्के, लोह खरंच संपलंय!! डॉक्टर म्हणाले गोळ्या राहू दे, सलाईनमधूनच देऊ, उद्या पहिली बाटली. मी आणि भाऊ पण सिकलची तपासणी करून घेतोय, त्याचं लग्न ठरतंय म्हणून मुलीकडच्यांनाही सांगितलं.