मदत हवी आहे: सिकलसेल, लोकसहभागी संशोधन आणि जेनेटिक कौन्सेलिंगचे विद्यार्थी

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागासाठी सिकलसेलवर (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) जेनेटिक कौन्सेलिंगच्या, म्हणजे कुटुंबांना आनुवंशिक आजार समजावून सांगण्याचं शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांचा लोकसहभागी संशोधनाचा आराखडा चालू आहे. पहिल्या दोन भेटींत ना फॉर्म, ना रक्ताचा नमुना. गावाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, एवढंच ऐकायचं. प्रश्नावली आधीच छापून नेली की गाव फक्त नमुने देणारं उरतं.

सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी एस हिमोग्लोबिन (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) आहे एवढंच दाखवते. वाहक (एएस: एकाच पालकाकडून दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला) की रुग्ण (एसएस: दोघांकडून आलेला) हे तिच्यावरून कळत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारखी पुढची रक्तचाचणी लागते. त्याआधी विद्यार्थ्यानं 'पॉझिटिव्ह' म्हटलं तर मुलीचं लग्न अडू शकतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आई-वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी (एसएस) असण्याची २५% शक्यता, हे दोन पिशव्यांतून (एक आईची, एक वडिलांची) शिकवायचं: प्रत्येकीत एक लाल (सिकलसेलचा), एक पांढरा मणी; दोन्ही लाल आले तर मूल आजारी. दर वेळी दोन्हीतून एकेक काढायचा आणि परत टाकायचा. परत टाकायचं राहिलं, की 'एक मूल आजारी निघालं, आता पुढची सुटली' हाच गैरसमज पक्का होतो.

अडलंय ते इथं. पावरी बोलीत 'वाहक' कसं सांगता, ज्यातून 'आजारी' असा अर्थ निघणार नाही? आशाताई त्याच गावच्या, मग दुभाषी म्हणून त्यांना बसवलं तर गोपनीयता कशी राखता? आणि गावानं प्रश्न बदलले की नैतिकता समितीकडे (संशोधनाला मंजुरी देणारी समिती) आराखड्यातली सुधारणा पाठवावी लागते. हे सगळं एका सत्रात बसवलेलं कुणी आहे का? वेळापत्रक, संमतीपत्राचा नमुना, काहीही चालेल.